माझ्या पायथ्याचा उंदीर

मित्रांनो, मी एक भिंत आहे. जुनी आहे, पण पडकी म्हणू नका, मला राग येतो. सुरतेच्या डिंडोलीत, कापडाच्या लूमवर राबणाऱ्या खानदेशी माणसांच्या वस्तीला मी कुंपण म्हणून उभी आहे.

माझ्या विटा वाहिल्या त्या सुभद्राबाईने. ती नवापूरकडची, कोकणा आदिवासी, याच वस्तीत राहायची. बांधकाम संपल्यावर तिने हौसेने मला गेरू फासला आणि तांदळाच्या पिठाने माझ्या अंगभर तिच्या रानातली जनावरं काढली. वर वाघ आणि मोर, मधे मुंगूस, मगर. अगदी पायथ्याशी धान्याची रास, आणि राशीकडे निघालेला एक उंदीर. उंदीर कशाला, असं कुणीतरी विचारलं.

"खळ्यावर तो येतोच. त्याला कसं टाळू?" एवढंच ती म्हणाली.

पोरं मुंगसाच्या शेपटीवरून बोट फिरवत शाळेला जायची. मीही भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू? पण कौतुक ओसरलं. लोक माझ्याच पायाशी उष्टं-खरकटं टाकू लागले. उकिरडा चढत गेला, रास बुडाली, उंदराचे नुसते कान वर राहिले.

मग चौऱ्याण्णव साली शहरात प्लेग आला. लोक मिळेल त्या गाडीने गावी पळाले. परतले ते धास्तावलेले, कुणावर तरी राग काढायला टपलेले. आणि त्यांना माझ्यावरचे ते दोन कान दिसले.

वस्तीतला वडीलधारा बन्सीलाल चुन्याच्या बादल्या घेऊन आला. मागे अख्खी वस्ती. सुभद्राबाईला बोलावून उभं केलं होतं.

"बाई, हाऊ उंदीर तूच आणेल शे," तो म्हणाला. "पुसी टाक, आन आठून निंघी जाय."

उंदीर तिने पुसायचा, बाकीच्या भिंतीला चुना मारायचा आणि बाईने वस्ती सोडायची, असं ठरलं होतं. माझा जीव टांगणीला लागला. भिंतीला पळता येत नाही हो.

सुभद्राबाई खाली बसली. "पुसते, दादा. पण मला नुसते कान दिसतात. अख्खा पुसायचा तर आधी हा कचरा उचला."

फावडी आली. घमेली भरू लागली. उंदराचं पोट दिसलं, तोच खालचा कचरा हलला. एक जिवंत उंदीर सुळकन पळाला, मागोमाग दुसरा. फावडी थांबली. माझ्या पायाशी बिळंच बिळं होती.

शेजारच्या सरलाबाईने पदर नाकाला लावला. "आपलंच खरकटं शे हाई," ती हळूच म्हणाली.

बन्सीलाल बिळांपाशी आला. मग त्याने बादली उचलली. संपलं आपलं, असं मी मनाशी म्हटलं. तो वाकला आणि सगळा चुना बिळांत ओतला. मग दुसरी बादली, मग तिसरी. माझ्यासाठी चुना उरलाच नाही. उंदीर पूस किंवा इथून जा, असं सुभद्राबाईला म्हणायला कुणाची जीभही रेटली नाही.

मित्रांनो, आता माझा वाघ फिका झालाय, मगर अर्धी उरलीय. ते चालायचंच. पण माझ्या पायथ्याशी तो उंदीर आहे. येता-जाता त्याचे पाय दिसतात ना, तेवढं बघत जा.