मास्तरांची वरची कवळी

मी कवळी बोलतेय. वरची. खालचे दात मास्तरांचे स्वतःचे, जेवढे उरलेत तेवढे, आणि ते स्वतःला फार खानदानी समजतात. मी बाहेरून आलेली. वयाने घरात सगळ्यांत धाकटी, पण बसायचं सगळ्यांत थोरल्याच्या तोंडात. त्यामुळे मोठ्या माणसांबद्दलचं माझं मत आतून बनलेलं आहे.

दातांच्या डॉक्टरांनी मास्तरांच्या हिरडीचा साचा घेतला आणि त्यावर मला घडवलं, घासलं, चकचकीत केलं. मास्तर आरशात बघून म्हणाले, "जरा जास्तच पांढरे झालेत." आणि रस्ताभर येईल त्याच्याकडे बघून हसत घरी गेले.

मास्तर शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. शिंप्याला दोन हात कमी पडतात, म्हणून तो तोंडाला कामाला लावतो. ओठांत टाचण्या धरायच्या, दातांनी दोरा तोडायचा. हाताशी कात्री असायची, पण दोरा मात्र माझ्याकडे! टाचण्या सांभाळत, ओठांच्या एका कोपऱ्यातून गिऱ्हाइकाशी बोलणं चालायचं. "हात वर. पोट आत. एवढंच जातं आत? असू दे."

त्यांचा एक नियम होता. बिनदातांचं तोंड कुणाला दाखवायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. दिवा मालवल्यावर मला काढून पलंगाखालच्या पेल्यात सोडायचे आणि सकाळी ती उठायच्या आत परत चढवायचे. पोटातला कॅन्सर निघाला तेव्हाही डॉक्टरांसमोर आधी मला चाचपून मग रडले.

सलाइनमधून औषध सुरू झालं. पहिल्याच दिवशी सिस्टरनी बजावलं, "काका, या औषधाने तोंड सोलवटतं. ब्रश मऊ घ्या. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चुळा भरत जा. टोचणारं काही तोंडात नको. कवळी जेवणापुरती, दुखायला लागलं तर तीही नको. आणि फोड आले किंवा ताप आला तर लगेच कळवायचं. तिथून जंतू रक्तात गेले तर जिवावर बेतेल."

मास्तरांनी मान डोलावली. काही माणसांच्या मानेचा कानाशी संबंध नसतो. घरी येऊन त्यांनी पहिलं काय केलं? ओठांत टाचण्या धरल्या.

व्हायचं तेच झालं. माझ्या कडेखाली फोड आले. मला काढलं असतं तर बोळकं दिसलं असतं, म्हणून हे गृहस्थ फोडांवर मला दाबून बसवायचे. प्रत्येक घासाला मी जखमेवर आपटायचे. बाकीच्या वस्तू अडगळीत पडल्या की रडतात म्हणे. मी अडगळीसाठी झुरत होते.

जेवण सुटलं. बायको विचारायची, "मीठ कमी पडलं का?"

"छान झालंय गं. पोट भरलं."

त्यात मास्तरांची थोरली बहीण, आक्का, भेटायला आली. तिला यांनी दाढ दुखतेय असं सांगितलं. तिने लगेच पिशवीतून लवंगेचं तेल काढलं. "आमच्या वेळी नव्हते हे सोडे नि चुळा! हे लाव आणि गप बस." मास्तरांनी गुपचूप मोरीत जाऊन लावलं आणि जागच्या जागी नाचले. आपल्या वेळी काहीच नव्हतं, याचा माणसांना एवढा अभिमान का असतो, मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या औषधाची तारीख आली. बायको सोबत होती. सिस्टर म्हणाल्या, "काका, कवळी काढा बघू. तोंड बघायचंय."

"निघत नाही हो. घट्ट बसलीय."

आता गंमत ऐका. उपाशी राहून राहून मास्तर वाळले होते, आणि त्यांच्यासोबत हिरडीही. माझी पकड कधीच सुटली होती. "घट्ट" म्हणताना ते जरा जोरातच बोलले, आणि मी सटकन निसटून थेट सिस्टरच्या ट्रेमध्ये जाऊन पडले. टण्ण! मी मुद्दाम केलं का? माझ्यावर संशय घ्यायला माझी हरकत नाही.

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सिस्टरनी हात हळूच बाजूला केले, टॉर्च मारून फोड बघितले. मग लगेच ताप बघितला. कणकण होती.

"काका, एवढं सोसलंत कशाला?"

मास्तरांनी चोरून बायकोकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. डोळे भरलेले, पण आवाज चढलेला. "माझ्यापासून लपवत होतात? अहो, रोज रात्री तोंड उघडं टाकून घोरता तुम्ही! पेलासुद्धा मीच घासून ठेवते. त्यात कवळी काय चांदण्याने स्वच्छ होते?"

डॉक्टरांनी त्या दिवशीचं औषध पुढे ढकललं, मास्तरांना दाखल करून घेतलं. मी उशाशी डबीत. ते दिवस मला आवडले नाहीत, एवढंच सांगते. ताप उतरला, मग हळूहळू फोड सुकले आणि राहिलेलं औषध पुन्हा सुरू झालं.

आता दुकानात टाचण्यांना गादी आलीय. बायकोने चिंध्या भरून शिवली आणि मास्तरांच्या मनगटाला बांधली. दोरा कात्रीने तुटतो. खानदानी दातांना मऊ ब्रश मिळालाय. चुळांची वेळ झाली की आतून हाक येते, "अहो, आ करा!" आणि ते गिऱ्हाइकासमोर आ करतात. आक्काचं तेल आक्काच्याच पिशवीत परत गेलं.

मी दुकानाच्या फळीवर, पाण्याच्या पेल्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. उद्या मला परत बसवायचं ठरलं, तर आधी डॉक्टरांकडून मापात करून आणा, एवढी विनंती आहे. शिंप्याला हे वेगळं सांगायला नको.

काल एका गिऱ्हाइकाने माप देता देता विचारलंच, "मास्तर, दात कुठे गेले?"

मास्तर बोळकं पसरून हसले. माझ्याशिवाय, दिवसाढवळ्या, पहिल्यांदाच.

"रजेवर आहेत," म्हणाले. "पोट आत घ्या."