रिकाम्या वाळूचा घास

मी जबडा बोलतोय. घाबरू नका, लोखंडाचा आहे! दोन पाती, मध्ये एक बिजागरी. होडीतून मला दोरीनं खाली सोडतात. खाडीच्या तळाला टेकलो की मी मिटतो आणि घासभर तळ घेऊन वर येतो. कधी चिखल, कधी वाळू, कधी शिंपल्यांचा चुरा. काय लागेल ते आधी कळत नाही, म्हणून तर मजा येते.

एका वेल्डरनं मला घडवलं आणि मी बाईंकडे आलो. खाडीच्या तळाशी कुठे कोण राहतं, याचा नकाशा बाई करतात. होडी त्यांच्या मामांची. मामा म्हणजे टापटिपीचा कहर! बाई पुढे बसून वहीत खोली लिहायच्या आणि मागे मामा मला पुसूनबिसून घास ट्रेमध्ये ओतायचे.

थंडीत पाणी नितळ, म्हणून आम्ही दर वर्षी थंडीतच जायचो. सहा वर्षं उत्तरेच्या पट्ट्यावर एकच नोंद झाली : रिकामी वाळू. ती वाचून बंदराच्या ऑफिसनं ठरवलं, उपसलेला गाळ तिथेच टाकायचा. रिकामंच आहे ना!

त्याच आठवड्यात, त्याच पट्ट्यावर, होडीतच मामांची कंबर धरली. बाईंनी मला स्वतः वर ओढून घेतलं.

"मामा, याच्या तोंडातून हे पांढरं काय लोंबतंय?"

"कचरा गं. मी नेहमी उपटून फेकतो. तुझा ट्रे घाण नको व्हायला."

"नेहमी? सहा वर्षं?" बाईंनी ते पांढरं बोटांत धरून पाहिलं. "मामा, ही मुळं आहेत! समुद्री गवताची. थंडीत वरचं झडतं, खाली जिवंत असतं."

मामांचा चेहरा एवढासा झाला. "मग आता गं?"

"आता माझाच नकाशा चुकलाय म्हणून सांगायला जाते."

बंदराच्या ऑफिसात गेल्या तशाच, ओल्या कपड्यांनी, मुळं डब्यात घेऊन. तिथले साहेब म्हणाले, उन्हाळ्यात गवत दाखवा, तोवर गाळ थांबवतो.

उन्हाळ्यात होडी निघाली, पण मला न घेता. कॅमेरा नेला. मी चांगलाच रुसलो. बाई परत आल्या त्या हसतच. कॅमेऱ्यात गवत दिसलं होतं, गाळ आता तिथे पडणार नाही.

"जबड्याला मात्र तिकडे न्यायचं नाही हं मामा, एका घासात गवत उपटून आणेल," त्या म्हणाल्या. वाईट वाटलं, पण पटलं.

तेव्हापासून होडी तिकडे निघाली की मी शेडमध्ये खुंटीला असतो. एकच हुरहूर आहे. सहा वर्षं त्याची मुळं तोंडात धरली, गवत काही पाहिलं नाही. केवढं वाढतं हो ते? पाण्याबरोबर हलतं का? त्यात कोण राहतं? तुम्ही त्या बाजूला गेलात तर नांगर जरा लांब टाका, वाकून बघा आणि येऊन मला सांगा.