अकरा किलोंची सीट

सातला जमायचं असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तिने ठरवलं होतं, आणि बाकीच्यांनी मोबाइलवर अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं. बस आगारात वेळापत्रकं लावण्यात जिची वीस वर्षं गेली, तिला या अंगठ्यांचा अर्थ एव्हाना कळायला हवा होता. पावणेनऊ वाजले तरी सगळं हलकंफुलकं मंडळ पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत एकमेकांच्या इंजिनांत डोकी खुपसून उभं होतं.

मंडळ होतं छोट्या, बुटक्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांचं. बारा गाड्या, बारा मालक आणि अक्कल सगळ्यांत मिळून एक, असं तिचं मत होतं. गाडी मुळातच हलकी, आणि ती आणखी हलकी करण्यासाठी ही माणसं काय वाटेल ते करत. दातांच्या डॉक्टरांनी गियरच्या दांड्याची मूठ दात कोरायच्या यंत्राने आतून पोखरली होती. टेलरमास्तरांनी सीटचा स्पंज कापून बोटभर ठेवला होता आणि दर रविवारी संध्याकाळी ते कमरेला शेक घेत. चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी दोनपैकी एक वायपर काढून टाकला होता, कारण बघायला तर एकाच बाजूने लागतं. शेजारची सीट तर कोणाच्याच गाडीत उरली नव्हती. नवरे, बायका, मुलं सगळी घरी.

अपवाद फक्त एकाचा. मंडळाचे संस्थापक, म्हणजे तिचे बाबा.

बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे काटे उलटेपालटे करून पाहिले आणि शिक्के मारले. निवृत्त झाल्यावर ती सगळी हौस त्यांनी गाडीवर काढली. घड्याळ काढलं, पायाखालचं जाजम काढलं, कप्प्याचं झाकण काढलं. शेजारची सीट मात्र काढली नाही. अकरा किलो! मंडळात या सीटवरून बाबांची किती थट्टा झाली असेल याला गणती नाही. दर वर्षी घाटावरच्या बटाट्याच्या गोदामातल्या काट्यावर सगळ्या गाड्या रिकाम्या करून तोलल्या जात, आणि दर वर्षी बाबा सात-आठ किलोंनी हरत. डॉक्टर जिंकत आणि तो पोचे पडलेला पत्र्याचा चषक वर्षभर दवाखान्यात पेशंटच्या डोळ्यांसमोर ठेवत.

यंदाची गोष्ट वेगळी होती. येत्या मंगळवारी बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर एवढ्या खाली बसायचं नाव काढायचं नाही, असं सर्जनने बजावलं होतं. म्हणजे ही गाडी चालवण्याचा आजचा शेवटचा दिवस आणि वजनाची स्पर्धा जिंकायची शेवटची संधी. बाबांनी गेले दोन महिने गाडीखाली घातले होते. काय काय काढलं ते सांगत नव्हते, पण फोनवर आवाजात गुदगुल्या होत्या. "यंदा डॉक्टरची बत्तीशी काढतो बघ." एवढं एकदा त्यांच्या हाती लागावं, बाकी काही नको, असं तिने मनाशी धरलं होतं. म्हणून तर मंडळाच्या चिटणीसपदाचं हे लोढणं तिने याही वर्षी गळ्यात बांधून घेतलं.

"अहो, गोदाम बाराला बंद होतं!" ती ओरडली. "रखवालदार एक मिनिट थांबत नाही. मागच्या वर्षी टेलरमास्तर आतच राहिले होते, विसरलात का?"

"निघालोच," डॉक्टर म्हणाले आणि चष्मेवाल्या बाईंच्या इंजिनात पुन्हा वाकले.

साडेनऊला निघाले. तिची गाडी शेवटी. चिटणिसाने शेवटीच राहायचं, कारण मंडळाचा पहिला नियम: एक थांबला की सगळे थांबणार, मागे कोणी राहायचं नाही. हा नियम बाबांनीच पंचवीस वर्षांपूर्वी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. ऐकायला फार छान. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की कोणालाही लघवीला लागली की बारा गाड्या रस्त्याकडेला लागतात, बारा बॉनेटं उघडतात आणि अर्धा तास जातो. त्या दिवशी घाट लागेपर्यंत असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर चष्मेवाल्या बाईंना एक छान दगड दिसला म्हणून.

घाटाच्या चौथ्या वळणावर बाबांची गाडी डाव्या बाजूला लंगडत थांबली. तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. पुढचं चाक चपटं झालं होतं.

बारा गाड्या थांबल्या. लोक उतरले. सगळ्यांनी टायरकडे पाहिलं, मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जॅक काढा," ती म्हणाली.

कोणी हललं नाही.

"डॉक्टर, जॅक?"

"माझा मागच्या वर्षीच काढला. साडेतीन किलो. म्हटलं, मास्तरांकडे असेलच."

"मी डॉक्टरांच्या भरवशावर होतो," टेलरमास्तर म्हणाले.

"माझा घरी फडताळात आहे," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "अगदी नवा आहे हो, कोरा."

तिने कपाळाला हात लावला. बारा गाड्या, ऐंशी-नव्वद पाने, स्क्रू ड्रायव्हरचे चार संच, टायरमधली हवा मोजायची सोळा यंत्रं, आणि जॅक एक नाही! जादा चाक तर कोणाकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. ती सगळ्यांवर तोंड सोडणार एवढ्यात बाबांनी खिडकीतून मान काढली.

"तुझा कुठाय?"

तिचा जॅक आणि तिचं जादा चाक त्याच सकाळी तिने घराच्या पायरीवर उतरवून ठेवलं होतं, कारण पहाटे बाबांचाच फोन आला होता, की आज तरी लाज राख, संस्थापकाची मुलगी गाडीत भंगार घेऊन फिरते असं दिसायला नको. आता हे सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे आपल्याच हाताने आपलं हसं करून घेणं. तिने मूग गिळले.

"जॅक कशाला हवा?" डॉक्टर एकदम म्हणाले. "आपण अकरा जण आहोत. गाडी आहे पाचशे ऐंशी किलोंची. उचलू की!"

आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मंडळाच्या डोक्यातून उपयोगाची गोष्ट निघाली. चाकाचा प्रश्न तिनेच सोडवला. बाबांच्या आणि तिच्याच गाडीच्या चाकांना नटांची चार भोकं होती, बाकीच्यांच्या पाच. तेव्हा चाक द्यायचं तर तिनेच. आधी तिची गाडी उचलली, चाक काढलं आणि खाली दगड रचले. त्यातला एक चष्मेवाल्या बाईंचा छान दगड होता. त्यांनी तो जड मनाने दिला.

मग बाबांची गाडी.

"बाबा, उतरा."

"मी नाही उतरत. उतरायला तिघं लागतात आणि बसायला चार. माझ्यासकट उचला."

"अहो, तुमचं वजन..."

"सत्तर."

"सत्त्याहत्तर," ती म्हणाली. "मंगळवारच्या ऑपरेशनच्या कागदावर लिहिलंय."

उचललं. डॉक्टर, मास्तर आणि आणखी सहा जण एका कोपऱ्याला लटकले, आणि बाबा आत स्टिअरिंग धरून असे बसले होते की जणू त्यांच्याच जोरावर गाडी वर गेली आहे. तिने नट आवळले. या सगळ्या गडबडीत मास्तरांची पँट मागे उसवली. दुसऱ्यांच्या पँटी शिवण्यात जन्म गेलेल्या माणसावर ही वेळ यावी, याचं सगळ्यांना मनापासून हसू आलं, आणि तीसुद्धा हसली. ही माणसं तिला आवडत नव्हती असं नाही. वेळेवर निघाली असती तर आणखी आवडली असती.

अकरा पस्तीस. आता तिचं काय करायचं यावर बैठक सुरू झाली. तिची गाडी तीन चाकांवर, आणि पहिला नियम म्हणतो मागे कोणी राहायचं नाही. दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायला सीट नाही. बाबांच्या गाडीत सीट होती, पण तिथे सातवा नियम आडवा आला: वजनाच्या दिवशी गाडीत एकच माणूस, दुसरा दिसला की गाडी बाद. हाही बाबांनीच लिहिलेला. एके वर्षी मास्तरांचे मेहुणे मांडीवर बॅटरी घेऊन बसले होते आणि काट्यापाशी ती मांडीवरच घेऊन खाली उतरले होते. तेव्हापासून हा नियम.

"अपवाद करू," डॉक्टर म्हणाले. "आजचा दिवस."

"नियम म्हणजे नियम," बाबा गुरगुरले. "काट्याला अपवाद कळत नाही."

"मग आपण सगळेच थांबू."

"ठराव मांडा."

"ठराव?" तिचा बांध फुटला. "ठराव कसला मांडताय? पंचवीस मिनिटं उरलीत! गोदाम बंद झालं तर बाबांना पुन्हा कुठलं वर्ष मिळणारे? निघा. सगळे निघा! मी बसते इथे. वजन झालं की गोदामाचा टेम्पो घेऊन या आणि मला उचला. आता एक शब्द कोणी बोललं तर मी चिटणीसपद सोडलं म्हणून समजा."

ही धमकी लागू पडली. वही दुसऱ्या कोणाच्या गळ्यात पडणार या भीतीने अकरा गाड्या तीन मिनिटांत सुरू झाल्या. बाबा निघताना तिच्याकडे न बघता म्हणाले, "टोपी घाल, ऊन आहे." बस, एवढंच. गाड्या वळणाआड गेल्या, आवाज बारीक होत गेला आणि घाटात सामसूम झाली.

ती कठड्यावर बसली. आता राग काढायलाही कोणी नव्हतं, आणि तिला भरून आलं. बाबांना चषक मिळताना बघायला आपण तिथे नसणार. दोन महिने ज्याची वाट पाहिली तेच नेमकं आपल्याशिवाय होणार, तेही आपल्याच चाकावर. सात वर्षांची असताना ती त्या गाडीत शेजारी बसून याच घाटातून जायची आणि वळणं मोजायची. स्वतःची गाडी घेतल्यापासून ती सीट रिकामीच होती. बाबांनी पुन्हा कधी बस म्हटलं नाही, तिनेही कधी विचारलं नाही.

दहा मिनिटं झाली असतील. वरून इंजिनाचा आवाज आला. ओळखीचा. तिने मान वर केली आणि तिला विश्वासच बसेना.

बाबा एकटेच खाली येत होते.

"काय झालं?" ती रस्त्यावर धावली. "पुन्हा पंक्चर?"

"काही नाही झालं. बस."

"बस काय, बस? बाबा, बारा वाजायला दहा कमी आहेत! तुम्ही वर असायला हवं होतं. एवढी आरडाओरड मी कोणासाठी केली? आठ माणसांनी गाडी उचलली, मास्तरांची पँट गेली..."

"पलीकडचा आरसा काढलाय मी," बाबा म्हणाले. "चारशे ग्रॅम. मान वळत नाही. त्या बाजूला काही दिसत नाही मला. बघायला कोणी नको?"

"हे तुम्हाला आत्ता सुचलं?"

"बस म्हणतोय ना. आणि गाडी वळवायची आहे, मागे दरी आहे का बघ."

दरी होतीच. तिने हातवारे करत, ओरडत, दोनदा जीव मुठीत धरून गाडी वळवून घेतली. मग दार उघडून ती त्या सीटवर बसली. गाडीत बाकी काही शिल्लक नव्हतं, नुसता पत्रा आणि दोन सीटा.

"आता तुम्ही बाद, माहितीये ना? सातवा नियम. दुसरा माणूस."

"मीच लिहिलाय."

"ही सीट काढली असती तर कधीचेच जिंकला असता. सगळं काढलंत, आरसासुद्धा काढलात. ही का नाही काढली?"

बाबांनी गियर टाकला. रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"बोल्ट गंजलेत," ते म्हणाले. "निघतच नाहीत."

तिने खाली वाकून पाहिलं. जाजम नव्हतं, त्यामुळे चारही बोल्ट उघडे दिसत होते. नवेकोरे, चकचकीत, भोवती ताजं ग्रीस. पत्र्यावर सीट सरकवल्याचे ताजे ओरखडेही होते, एकदा बाहेर नेल्याचे आणि एकदा परत आत आणल्याचे.

जन्मभर दुसऱ्यांचे खोटे काटे पकडणारा हा माणूस इतकं वाईट खोटं बोलतो, आणि ते आपण पकडायचं नाही, हे तिला कळलं.

"हो, फारच गंजलेत," ती म्हणाली. "दुसरा टाका आता, चढ आहे. आणि माझ्या बाजूने काही येत नाहीये."

मग ती वळणं मोजू लागली. पाचवं. सहावं.