मजारीवरची एकोणीस फुलं

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी टेकडीवरच्या मजारीपाशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुणी ट्रकमधून मेंढी आणली होती, कुणी म्हाताऱ्या आईला पाठुंगळी आणलं होतं. कबरीच्या पायथ्याशी चाळीस दिवस पांढऱ्या चादरीचा आडोसा होता आणि तिकडे फिरकायची कुणाची टाप नव्हती. मजारीचा बाबा नुरिल्लो ईशोन याने ती चादर सर्रकन ओढली, आणि सगळ्यांनी आ वासला.

ट्यूलिप! लालभडक, टवटवीत, आणि तेही वसंतात नाही, ऑक्टोबरात!

"मोजा!" ईशोन गरजला. "एकोणीस! पीरसाहेबांनी एकोणिसाव्या वर्षी घरदार सोडलं. ही फुलं मातीतून नाही, त्यांच्या श्वासातून आलीत. यांच्यावरून ओघळलेलं पाणी प्या, रोग पळालाच म्हणून समजा! पण गोळी आणि पीर एका पोटात नांदत नाहीत. काय ते एक निवडा."

"हजरत, माझ्या सासूची जीभ आखडेल असं काही आहे का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"रांगेत ये," ईशोन जराही न हसता म्हणाला. त्याच्याकडे सगळ्यावर औषध होतं.

खोसियत पुढेच उभी होती, सात वर्षांच्या नातीचा, शहलोचा हात धरून. शहलोला तिसऱ्या वर्षापासून फेफरं यायचं. गोळ्या सुरू झाल्यापासून दीड वर्ष एकही झटका नव्हता; पण गोळ्या खाणाऱ्या पोरीला उद्या कोण पत्करणार, हे शेजारणी रोज ऐकवत होत्या. पोर बरी झाली असं कुणीतरी म्हणावं, एवढंच खोसियतला हवं होतं.

तिने फुलांकडे नीट पाहिलं. पाचाच्या चार ओळी, आणि शेवटच्या ओळीतला डावा कोपरा रिकामा.

गावातल्या ट्यूलिपच्या शेडमध्ये ती बारा वर्षं ट्रेमध्ये कंद भरत होती. नावाची पट्टी खोचायला डावा कोपरा मोकळा सोडायची सवय तिची एकटीची. ताई म्हणावं तसं 'ओपा' म्हणत मालक चिडवायचा, "खोसियत-ओपा, तुमच्या ट्रेतला एक कंद कायम रजेवर!"

तिने आपला ट्रे ओळखला. आणि मान फिरवली. फुलं खोटी, तर शहलोचं बरं होणंही खोटं, आणि ते तिला नको होतं. तिने वाटीतलं पाणी पोरीला पाजलं आणि घरी जाऊन गोळ्या चुलीत टाकल्या.

पाचव्या दिवशी शहलो तंदूरपाशी नान मोजत असताना कोसळली. उजवा तळहात निखाऱ्यावर पडला.

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी हात बांधला. "गोळ्या का बंद केल्यात, ओपा?"

"मजारीवर फुलं उमलली... अवेळी."

"तुम्ही काम काय करता?"

"ट्यूलिपच्या शेडमध्ये आहे. आठ मार्चला, महिला दिनाला विकायची फुलं काढतो आम्ही."

"म्हणजे हिवाळ्यात लावून, भर थंडीत उमलवता ती?"

"हो."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची नवी चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीच गर्दी. खोसियत मालकाला सांगून शेडच्या शीतगृहातला एक ट्रे डोक्यावर घेऊन, हात बांधलेल्या शहलोसोबत टेकडी चढली आणि थेट कबरीपाशी जाऊन बसली.

"ए बाई, लांब!" ईशोन धावला.

तिने फुलांशेजारच्या मातीत बोटं खुपसली आणि खरवडायला लागली. चार बोटं खाली काळी प्लास्टिकची कड लागली. तिने ती हिसका देऊन वर काढली. फुलांसकट अख्खा ट्रे मातीतून निघाला.

"हजरत, पिराच्या श्वासाला ट्रे लागतो होय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाईने मजार बाटवली!" ईशोन ओरडला.

"बाटवलीच. पण आज नाही, गेल्या शुक्रवारी. हा माझ्या हातचा ट्रे, हा माझा रिकामा कोपरा. मी तेव्हाच ओळखलं आणि गप्प बसले." तिचा आवाज चिरकला. "गेल्या हिवाळ्यात कंद लावले, मुळं धरल्यावर शीतगृहात गोठवून ठेवले. ऑक्टोबरातल्या शिक्षकदिनाला फुलं मिळतील का ते बघायला. कंदाला वाटतं हिवाळा सरलाच नाही. उन्हाळा संपता संपता बाहेर काढा, वसंत आला समजून महिना-सव्वा महिन्यात फुलतो. या हजरतांचा भाऊ तिथला चौकीदार आहे. एक ट्रे गेला तेव्हा शहरात पाठवला म्हणाला. हा बघा दुसरा, अजून गार आहे. घरी न्या, पाणी घाला. पीर तुमच्याही खिडकीत श्वास घेईल!"

कुणी ट्रेला हात लावला नाही. त्या गर्दीतली निम्मी माणसं दर डिसेंबरात प्लास्टिकखाली हेच कंद लावत होती. एकेकाची नजर बुटांकडे गेली.

"आपण सगळे हाच धंदा करतो," खोसियत म्हणाली. "शेडमध्ये त्याला थंडी-ऊब म्हणतो आणि टेकडीवर चढलं की चमत्कार? लाज वाटते मला. पिराला हात जोडा, माझी ना नाही. पण पोराची गोळी बंद करायला सांगेल त्याला आधी विचारा, कंद आणला कुठून? आणि ठाऊक असेल तर बोला. माझ्यासारखं तोंड मिटून बसू नका."

ईशोन कधी सटकला ते कुणाला कळलं नाही. उतरताना शहलोने विचारलं, "आजी, तू आधीच ओळखलं होतंस?"

"हो."

"मग मला पाणी का पाजलंस?"

तेव्हापासून खोसियत रोज सकाळ-संध्याकाळ नातीच्या हातावर गोळी ठेवते. शहलो डावा हात पुढे करते, कारण उजवा तळहात अजून पुरता उघडत नाही.