आतून न तपासलेली बाई

तुम्ही केसपेपरवर बाईसाठी दोनच चौकटी छापल्यात. विवाहित, अविवाहित. पहिलीवर खूण असली तर तिला पिशवी असते, पाळी असते, तपासणी असते. दुसरीवर असली तर बाई कमरेपाशीच संपते. एक्केचाळीस वर्षांची बाई रक्त जातंय म्हणून दारात आली, तर तुम्ही तिला लोहाच्या गोळ्या देता आणि लग्न करून टाक म्हणता. लाज कशी वाटत नाही?

हे दिपालीसिस्टर मनात बोलत होती आणि हाताने कल्पिताचा केसपेपर हातमोज्यांच्या खोक्याखाली सारत होती. दुसऱ्या चौकटीतली खूण तिनेच केली होती. खाली ‘संबंध नाहीत’ हे अक्षरही तिचंच.

कल्पिता तपासणीच्या टेबलाच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती. श्रीवर्धनच्या वाड्यांतली सुपारी टेम्पोतून पेणपर्यंत स्वतः नेणारी बाई. बोर्लीच्या दोन खोल्यांत ती आणि दिपाली नऊ वर्षं राहत होत्या. गावाला त्या रूमपार्टनर म्हणून ठाऊक. गावाने जास्त विचारलं नव्हतं, म्हणून दिपालीनेही काही सांगितलं नव्हतं.

आवडाबाई पडद्याआड फरशी पुसत होती. तिचं तोंड फडक्यापेक्षा जास्त चाले.

"कल्पे, लगीन केलं असतंस तर असलं काय झालंच नसतं बघ."

"तुजं झालंय ना मावशे? मंग गुडगं का दुखतात तुजं?"

आवडाबाई खो खो हसली. दिपालीला हसू आलं नाही.

सहा महिन्यांपूर्वी कल्पिता याच टेबलावर येणार होती. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "टेम्पो पासिंगला नेला तरी खालून बगतात. माजंच कोन बगत नाय. उद्या आपलं दोगींचं सांगून टाकू काय डॉक्टरला?"

दिपालीची भाकरी तव्यावरच करपली होती.

"मी तिथे नोकरी करते, कल्पिता. संबंध नाहीत म्हण. एवढं कर माझ्यासाठी."

कल्पिताने तेवढं केलं. त्या वेळच्या डॉक्टरांनी मानही वर केली नाही. अविवाहित आहे, आतून तपासायची गरज नाही, म्हणाले. दिपाली बाजूला उभी होती. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या सुटकेचीच आता तिला किळस येत होती.

नव्या डॉक्टर रुचिका मॅडम हात पुसत आत आल्या. त्यांना रुजू होऊन आठवडाच झाला होता. स्टूल ओढून त्या कल्पितासमोर बसल्या.

"लग्नाचं विचारत नाही मी. शरीरसंबंध आलेत का कुणाशी? पुरुष असो, बाई असो, मला फरक पडत नाही. उपचाराला पडतो."

असं कुणी विचारेल हे दिपालीच्या स्वप्नातही नव्हतं. खरं सांगायला आता दार सताड उघडं होतं. कल्पिताने तिच्याकडे पाहिलं. दिपालीने हातमोज्यांचं पाकीट फाडायला घेतलं. ते एरवी एका झटक्यात फाटायचं.

"नाय," कल्पिता म्हणाली.

"बरं. तरी तपासते. सहा महिने रक्त जातंय, न बघता कसं कळणार? चालेल ना?"

"चालंल की."

तपासणी चालू असताना दिपालीने दिवा धरला. कल्पिताची मूठ टेबलाच्या कडेवर पांढरी पडली. दुसऱ्या कुठल्याही पेशंटची असती तर दिपालीने ती सहज हातात घेतली असती, लांब श्वास घ्या ताई म्हणाली असती. इथे तिचा हात दिव्यावरून हलला नाही.

मॅडमनी दिवा आणखी जवळ घ्यायला लावला. मग हातमोजे काढत उभ्या राहिल्या.

"पिशवीच्या तोंडावर गाठ आहे. नुसता हात लावला तरी रक्त येतंय. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. उद्याच अलिबागला जा." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "केसपेपर कुठाय?"

दिपालीने खोका उचलला. मॅडमनी कागद वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"सहा महिन्यांत एकदाही आतून तपासलं नाही?"

"माजाच हट्ट होता मॅडम," कल्पिता साडी सारखी करत पटकन म्हणाली. "मीच नको बोलले. मना लाज वाटली."

आयुष्यात कशाचीही लाज न वाटलेली बाई हे बोलत होती, तेही खालमानेने. पडद्याआडचं फडकं थांबलं होतं.

"खोटं बोलतेय ती," दिपाली म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "ती खरं सांगणार होती. मी सांगू दिलं नाही."

"गप ना गो," कल्पिता पुटपुटली.

मॅडमनी कागद खाली ठेवला.

"तुम्ही नर्स आहात. असं रक्त जाणं म्हणजे काय असू शकतं, ते या हॉस्पिटलात माझ्यानंतर तुम्हालाच माहीत आहे. तरी अडवलंत?"

पडद्याखाली आवडाबाईची अनवाणी पावलं दिसत होती. ती जागची हलत नव्हती.

"का, सिस्टर? मला उत्तर हवंय."