एकाच सुराचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना आवाज आहे. आवाजही जुना होतो, त्यालाही ओरखडे पडतात, हे तुम्हांला खरे वाटणार नाही. पण मला हातात घेऊन पाहा. मी दिसतो लहानशा विजेरीसारखा. विजेरीला काच असते तिथे मला एक गोल चकती आहे आणि अंगठा बसतो तिथे बटण. बटण दाबले की चकती थरथरते. ज्याचे स्वरयंत्र आजारात काढून टाकावे लागले, असा माणूस मला गळ्याला टेकवतो आणि ओठ, जीभ नेहमीसारखी हलवतो. माझ्या थरथरीचे मग शब्द होतात. आत्ता मी एका कापडी पिशवीत आहे. पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली आहे. उद्या सकाळी मला दुसऱ्या कोणाकडे जायचे आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. तिथल्या बाईने मला तळहातावर टेकवून दोनदा वाजवले, कागदावर खूण केली आणि खोक्यात घातले. माझ्याकडे सूर एकच. आनंदाला तोच, रागाला तोच. हसू तर मला येतच नाही. हे वैगुण्य मी आधीच सांगून टाकतो.

ज्यांच्या गळ्याशी मी अकरा वर्षे राहिलो, ते लिफ्टची दुरुस्ती करत. त्यांनी सातव्या मजल्यावरून हाक मारली की तळघरातल्या माणसाला ऐकू जाई, म्हणून कंपनीत सगळे त्यांना भोंगा म्हणत. मग घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर ते गळ्याखाली केलेल्या छिद्रातून श्वास घेऊ लागले. त्यावर एक पातळ रुमाल असे. घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघेच. दोन महिने ते पाटीवर लिहून बोलले. मग रुग्णालयात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मला त्यांच्या हातात दिले. गळ्यावरची नेमकी जागा सापडायला तीन आठवडे गेले. घरी ते माझ्यातून पहिल्यांदा बोलले ते एवढेच, "पंखा कमी कर." मुलीने पंखा कमी केला. मग ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पंख्याच्या बटणापाशीच उभी राहिली.

लिफ्टच्या खड्ड्यात उतरणे आता शक्य नव्हते. तिथली धूळ थेट फुप्फुसात गेली असती. कंपनीने त्यांना मदतीच्या फोनवर बसवले. लिफ्टमध्ये कोणी अडकले आणि आतले लाल बटण दाबले, की तो फोन वाजतो. इमारत विचारायची, जवळचा मिस्त्री पाठवायचा आणि तो पोहोचेपर्यंत आतल्या माणसाला धीर द्यायचा. विभागाच्या मोठ्या बाईंनी एक महिन्याची मुदत दिली. जमले तर ठीक.

पहिली अडचण हातांची होती. एका हातात फोन, दुसऱ्यात पेन. मग मला धरायला तिसरा हात कुठून आणायचा? कार्यशाळेतल्या वेल्डरने एका मोडक्या टेबललॅम्पची वाकणारी मान कापून आणली, तिच्या टोकाला मला बसवले आणि माझ्या बटणाची तार टेबलाखाली पायाने दाबायच्या कळीला जोडली. "घे भोंग्या. दोन्ही हात मोकळे झाले, आता काम तरी कर," तो म्हणाला. आजारानंतर बाकीच्यांनी ते टोपणनाव टाकून दिले होते. त्याने टाकले नाही.

दुसरी अडचण मी स्वतः होतो. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधीच घाबरलेला. त्याला पलीकडून माझा सपाट सूर ऐकू आला, की त्याला वाटे, ही कंपनीने लावून ठेवलेली टेप आहे. तो चिडून फोन तोडून टाकी. त्या महिन्यात एकोणीस फोन आले, त्यांतले अकरा असे तुटले. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढून जवळ बसून सांगितले, की सोमवारपासून तळघरातल्या कागदपत्रांच्या खोलीत बसा, तिथे बोलावे लागत नाही. भोंग्याने मला वापरलेच नाही. त्यांनी कोपऱ्यातली जुनी पाटी घेतली आणि लिहिले, ठीक आहे.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. एक निवृत्त नर्सबाई पाचव्या आणि सहाव्या मजल्यांच्या मध्ये एकट्या अडकल्या होत्या. भोंग्याने नेहमीचे वाक्य म्हटले, घाबरू नका, इमारत सांगा. त्यांनी इमारत सांगितली आणि लगेच म्हणाल्या, "पण मला मशीनशी बोलायचं नाही. माणूस द्या."

"मी माणूसच आहे. घसा तेवढा यंत्राचा, बाकी सगळं माझं."

"हे पण टेपमध्ये भरून ठेवता येतं. माणूस असाल तर सांगा, आज सकाळी काय खाल्लंत?"

आमच्यापुढच्या छापील कागदावर याचे उत्तर नव्हते. भोंग्याने कागद बाजूला सारला आणि पायाने कळ दाबली.

"भाजी. फार खारट झाली होती. मुलीनं केली होती. तिला सांगू नका."

मग त्या म्हणाल्या, "खारट होती तर खाल्लीत कशाला?"

"ती समोर बसून बघत होती."

नर्सबाईंनी फोन तोडला नाही. मिस्त्री पोहोचायला चाळीस मिनिटे लागली. तेवढ्यात त्यांनी भोंग्याला छिद्रावरचा रुमाल दिवसातून किती वेळा बदलता म्हणून दटावले आणि आपल्या सुनेच्या तक्रारी सांगितल्या. मोठ्या बाई दुसऱ्या टेबलावरून सगळे ऐकत होत्या. सोमवारी भोंग्याला तळघराची किल्ली मिळाली नाही. त्याऐवजी बाईंनी स्वतःच्या आवाजात एक वाक्य भरून घेतले, आणि फोन जोडला जाण्याआधी ते प्रत्येकाला ऐकू येऊ लागले: आता तुमच्याशी बोलणारा माणूस यंत्राच्या मदतीने बोलतो, कृपया फोन तोडू नका. कंपनीला खर्च आला तो या एका वाक्याचा.

त्यानंतरची सगळी वर्षे मी मन लावून काम केले. माझ्या चकतीला चरे पडले, बटणावरचा रंग अंगठ्याने झिजला. रोज संध्याकाळी मुलगी मला ओल्या फडक्याने पुसून चार्जिंगला लावी. गेल्या थंडीत भोंग्याला ताप आला, फुप्फुसात पाणी झाले आणि सहाव्या दिवशी ते गेले. शेवटचे दोन दिवस त्यांना मला धरता आले नाही.

मुलीने सगळे व्यवस्थित केले. कपडे देऊन टाकले, अर्ज भरले. मला मात्र ती रोज पुसत राहिली, रोज चार्जिंगला लावत राहिली. रुग्णालयातल्या त्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. शाळेतल्या एका शिक्षिकेचे स्वरयंत्र काढले आहे, नवे यंत्र मिळायला वेळ लागेल, तुमच्याकडचे देता का? मुलगी म्हणाली, पुढच्या आठवड्यात बघते. असे चार आठवडे गेले.

आज ती वडिलांचे टेबल रिकामे करायला कचेरीत गेली, तेव्हा मी तिच्या पर्समध्ये होतो. मोठ्या बाईंचे केस आता पांढरे झाले आहेत. नव्या लोकांना शिकवण्यासाठी त्यांनी तो शुक्रवारचा फोन ध्वनिमुद्रित करून जपून ठेवला होता. त्यांनी तो मुलीला ऐकवला. तिने तो पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा लावून बाई बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

मुलगी रडली नाही. ती फोन ऐकवणाऱ्या यंत्राकडे बघून हळूच म्हणाली, "सांगायचं ना, बाबा."

घरी आल्यावर तिने मला पुसले, माझी तार गुंडाळली, वेल्डरने केलेली लॅम्पची मान काढून आणली होती तीही कागदात बांधली, आणि आम्हांला या पिशवीत ठेवले. मग तिने एकटीपुरती भाजी टाकली. मीठ घालताना तिचा हात बराच वेळ बरणीवर थांबला होता.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे आठवण म्हणून कपाटात ठेवू नका. आठवण आमच्यात राहत नाही. आम्हांला पुसा, चार्ज करा आणि ज्याचे काम अडले आहे त्याला द्या. आणि कधी फोनवर असा एकाच सुराचा आवाज ऐकू आला, तर फोन ठेवू नका. पलीकडे कोणीतरी गळ्यावरची जागा शोधत असते. सुरुवात करायला आम्हांला जरासा उशीर होतो, इतकेच.