रविवारची ओळ

टेकडीवरच्या आमच्या वस्तीत इशबेल रॅट्रेला सगळे जरा बिचकूनच असत. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात डाव चालवलेली बाई, बोलली की ऐकणाऱ्याला ठसका लागायचा. तिचा नवरा ॲलन खाली डंडी शहरात, वृद्धाश्रमात. रविवारी ती येणार म्हणून तो सकाळीच दाढी करून घ्यायचा. पण रविवारची बस कंपनीने बंद केलेली. इशबेल दुखरे गुडघे घेऊन चालत उतरायची.

त्या वर्षी कंपनीने जाहीर केलं, वस्तीतल्या लोकांच्या कविता बसमध्ये लावणार. वाचनालयात आम्हा बायकांचा कवितांचा गट होताच. मी माझ्या मांजरावर लिहिलं. इशबेलने लिहिलं:

अठरा नंबर, अठरा नंबर, टेकडी चढून येतेस,
आमची भाजी, आमची पोरं मांडीवर तू घेतेस.
सोमवार ते शनिवार गं, कसली चिंता नाही,
रविवारी या टेकडीवर देव आहे, बस नाही.

कंपनीच्या मिस कार्सवेलचा फोन आला. "शेवटच्या ओळीतलं तेवढं काढता येईल का?"

"काय, देव?"

"नाही, बस."

"ती तर तुम्ही आधीच काढलीत," म्हणत इशबेलने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी बसमध्ये चढलो, तर समोरच तिची कविता. शेवटची ओळ मात्र भलतीच: 'रविवारीही आठवण तुझी मनातून जात नाही.' खाली नाव इशबेलचं.

तिने माझ्यापुढे हात केला. "माझ्या नावावर हा गुळपाक? लिपस्टिक दे तुझी."

तिने ती ओळ खोडली आणि वर लालभडक अक्षरांत आपली लिहिली. ड्रायव्हर गॉर्डन आरशातून बघत होता.

"इशबेलबाई, मला वर कळवावं लागेल हं."

"कळव की. आडनाव नीट लिही, दोन टी आहेत."

गॉर्डनने कळवलं. पण तोवर दुसऱ्या गाड्यांमध्येही कुणीकुणी तीच ओळ लिहून ठेवली होती. कुठे पेनाने, कुठे मुलांच्या खडूने. मिस कार्सवेल स्वतः वाचनालयात आली. "माफीचे दोन शब्द लिहून द्या, विषय संपला. नाहीतर तुमची कविता काढावी लागेल."

इशबेल काही बोलायच्या आत मीच उठले. साहेबलोकांपुढे आजवर माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

"मग माझं मांजरही उतरवा," मी म्हटलं.

"माझा समुद्रही," मागून गटातली एफी म्हणाली. एकेक करत सगळ्याच उठल्या.

चौकटी रिकाम्या झाल्या. शनिवारी आम्ही तिकिटं काढून दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर बसलो आणि आपापल्या कविता मोठ्याने म्हटल्या. इशबेलच्या शेवटच्या ओळीला अख्ख्या गाडीने साथ दिली. स्टॉप आला तरी दोन पोरी उतरल्या नाहीत, म्हणाल्या, "पुन्हा म्हणा ना, आजी."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणी इशबेलबरोबर चालत उतरलो आणि वृद्धाश्रमात ॲलनच्या खिडकीखाली तीच कविता ओरडून म्हटली. परिचारिका 'शू शू' करत धावत आली. पक्षाघाताने ॲलनचा एक हात गेलेला. दुसऱ्या हाताने तो खुर्चीचा दांडा बडवत होता, हसून हसून डोळे पुसत होता.

रविवारची बस अजून सुरू झालेली नाही. आम्ही कंपनीला रोज सकाळी फोन करतो, पाळीपाळीने. मिस कार्सवेल आता आवाजावरून ओळखते. काल तिने विचारलं, "अजून किती दिवस?"

"ते तुम्ही सांगा," मी म्हटलं, आणि कविता म्हणायला सुरुवात केली.